नुसत्या कुलपाने भागत नाही

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्तांची घाई सुरू होते, आणि ज्यांच्या मुली-सुना दूर थंड मुलखात आहेत त्या घरांतून फोन जाऊ लागतात. "येतेस ना ग भावाच्या लग्नाला?" पलीकडून उत्तर येतं, "यायचंय ग आई, पण घराचं काय करायचं ते आधी बघते." आईला हे उत्तर मुळीच रुचत नाही. घराचं काय करायचं म्हणजे? कुलूप लावायचं नि निघायचं! महिन्याभरासाठी येणाऱ्या मुलीने घराचं निमित्त सांगावं, म्हणजे तिचं मन आता माहेरात उरलेलं नाही, असा अर्थ काढून ती माउली मनातल्या मनात खट्टू होते.

मैत्रिणींनो, आई-लेकींमधली ही गैरसमजूत मी इतक्या घरांत पाहिली आहे, की शेवटी आज लिहायलाच बसले. मी मूळची सोलापूरची. बी.ए. झाले, दोन वर्षं तिथल्याच एका शाळेत शिकवलं, आणि लग्नानंतर २०१२ साली यजमानांच्या नोकरीपायी कॅनडातल्या विनिपेग या गावी आले. घर सांभाळून दुपारी एका बालवाडीत अर्धवेळ शिकवते. म्हणजे मी काही इंजिनीयर नव्हे की प्लंबर नव्हे. पण तेरा-चौदा हिवाळे काढल्यावर घरातल्या नळांची नि भट्टीची नाडी कळायला लागते, तेवढीच माझी पात्रता.

विनिपेगची थंडी सोलापुरात बसून समजणं कठीण. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटेचं दव गोठलं, की आपल्याकडे वर्तमानपत्रात त्याचं छायाचित्र येतं. इथे डिसेंबरात गोठलेली नदी मार्चपर्यंत तशीच असते, आणि लोक तिच्यावरून खुशाल चालत जातात. जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनेच उणे २० च्या आसपास; उणे ३० चे दिवस तर दर हिवाळ्याला ठरलेले. असं असताना घरात मात्र आम्ही २०-२१ अंशांत साध्या सुती कपड्यांत वावरत असतो. हे सगळं तळघरातल्या एका भट्टीच्या जिवावर. तिला इथे फर्नेस म्हणतात. ती गॅसवर जळते, विजेचा पंखा तिची गरम हवा पत्र्याच्या नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. म्हणजे गॅस असून वीज नसेल, तरी ती बंद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडची घर बंद करण्याची रीत आठवा. दूधवाल्याला सांगायचं, पेपर बंद करायचा, तुळशीची कुंडी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर ठेवायची, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा आणि अगदी शेवटी मेन स्विच खाली ओढायचा. माझी आई अजूनही फोनवर बजावते, "निघताना मेन स्विच बंद करून ये हो!" तिचा जन्माचा संस्कार आहे तो. पण इथे जानेवारीत कुणी तसं केलं, तर भट्टी थांबेल, एक-दोन दिवसांत घर पाणी गोठण्याइतकं गार होईल, आणि भिंतीभिंतीतून फिरणारे पाण्याचे पाइप एकामागून एक फुटतील.

पाइप का फुटतात, हे थोडं नीट सांगते, कारण एकदा कारण कळलं की पुढचं काही पाठ करावं लागत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात विसरली की ती तडकते, हा अनुभव तुम्हा सगळ्यांना असेलच. मला आधी वाटायचं, पाइपात जिथे बर्फ होतो तिथेच तो फुटतो. तसं नेहमीच होत नाही. पाइपात एके ठिकाणी बर्फाचा बोळा बसतो आणि तो वाढत वाढत पुढच्या पाण्याला बंद नळाकडे रेटतो. त्या अडकलेल्या पाण्याला जायला वाट नसते, दाब भयंकर वाढतो आणि पाइप बऱ्याचदा बोळ्यापासून लांब, भलत्याच जागी उलतो. आणि उललेला पाइप लगेच गळत नाही, कारण बर्फाचंच बूच बसलेलं असतं. थंडी ओसरली, बर्फ वितळला, की मग धो धो पाणी. रिकाम्या घरात ते बंद कोण करणार? लहानपणी सोलापुरात पाण्याची वाट बघत आम्ही कळश्या मांडून बसायचो. इथे पाणी चोवीस तास दाबाने येतं, आणि घर रिकामं असलं की तीच भीती होऊन बसते.

आमच्या ओळखीतल्या एकीची गोष्ट सांगते. भावाच्या लग्नाला म्हणून सगळं कुटुंब तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेलं होतं. भट्टी चालू ठेवली होती, दिवे लावले होते, दार नीट बंद केलं होतं. मधेच केव्हातरी भट्टी बंद पडली. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप बाहेरच्या भिंतीतून गेलेला. तो गोठला, उलला, आणि मग पाण्याने वरून खाली सगळं घर धुऊन काढलं. रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी दाराच्या फटीतून बाहेर आलेला बर्फाचा ओघळ दिसला, तेव्हा बोभाटा झाला. छताचे पत्रे... नव्हे, इथे छताला आतून पुठ्ठ्यासारख्या पांढऱ्या पाट्या असतात, त्या लोंबून पलंगावर पडल्या होत्या. तळघरात एका ट्रंकेत तिच्या वडिलांची पत्रं होती. लग्नानंतर पहिली चार वर्षं ते दर पंधरवड्याला लिहीत असत, आणि आता ते नाहीत. ती ट्रंक पाण्यात होती. शाईची पत्रं ती, काय राहणार? ती म्हणाली, "सोफा, टीव्ही, गालिचे, सगळं परत येईल ग. पण पत्रांचा लगदा फावड्याने उचलावा लागला."

त्यावर विम्याचं दुःख निराळंच. कंपनीने कलम दाखवलं. रिकाम्या घरात रोज कुणी फेरी मारली नव्हती आणि पाणीही बंद केलं नव्हतं, तेव्हा भरपाई नाही! असं कलम इथल्या पुष्कळ पॉलिसींत असतं. आमच्या पॉलिसीत लिहिलंय की थंडीच्या दिवसांत चार दिवसांहून अधिक काळ घर रिकामं राहणार असेल, तर एक तर पाणी मुख्य जागी बंद करून पाइप रिकामे करा, नाहीतर घर गरम आहे ना हे रोज आत येऊन बघणारा माणूस नेमा. कुणाच्या पॉलिसीत दिवस कमी असतील, कुणाच्या जास्त. पण तुमच्या लेकीला विचारा तर खरं, तिने ते पान वाचलंय का? माझ्या ओळखीतल्या दहा घरांत दोघींनी वाचलं होतं. बारीक टायपातलं वाचणं हे काम आपण उगाच पुरुषांवर सोपवलेलं असतं, आणि तेही वाचत नाहीत.

तर घर बंद कसं करायचं? भट्टी चालू आणि पाणी बंद, हे दोन शब्द मुख्य. पुष्कळजण नेमकं उलट करतात. गॅसचं बिल वाचावं म्हणून भट्टी अगदी खाली आणतात आणि पाण्याकडे बघतही नाहीत.

भट्टीचा आकडा १३ अंशांच्या खाली कधीही आणू नये. आम्ही १५ वर ठेवतो. कारण थर्मोस्टॅट दाखवतो तो दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीवरचा आकडा. स्वयंपाकघरातल्या खिडकीखालच्या कपाटात, जिथून भांडी घासायच्या सिंकचा पाइप जातो, तिथे त्याच वेळी पाच-सात अंश कमी असतात. म्हणूनच बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवून निघायचं, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. थर्मोस्टॅटमध्ये सेल असतील तर नवे घाला. चार रुपयांचा सेल संपला म्हणून लाखाची भट्टी थांबते, हे खरं घडतं. भट्टीतली जाळी, म्हणजे फिल्टर, नवा बसवा. धुळीने तो चोंदला तर भट्टी आतून फार तापते आणि स्वतःच बंद होते. आणि शरद ऋतूतच मेकॅनिकला बोलावून तिची तपासणी करून घ्यावी. डिसेंबरात तो कुणाला मिळत नाही, आपल्याकडे दिवाळीत शिंपी मिळत नाही तसा.

नव्या भट्ट्यांचा धूर धुराड्यातून जात नाही. बाजूच्या भिंतीतून प्लॅस्टिकचे दोन पाइप बाहेर डोकावतात, एक हवा आत घेणारा आणि एक धूर सोडणारा. जोराचं हिमवादळ झालं की वाऱ्याने बर्फ त्यांच्या तोंडात ठासून भरतो, आणि गुदमरलेली भट्टी सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. तुमच्या लेकीला ते पाइप घराच्या कुठल्या बाजूला आहेत हे ठाऊक हवं, आणि किल्ली ज्यांच्याकडे द्याल त्यांनाही ते दाखवून ठेवायला हवं.

आता पाणी. बाहेरून येणारा पाइप घरात शिरतो तिथे, बहुधा तळघरात पाण्याच्या मीटरशेजारी, मुख्य कॉक असतो. तो बंद करायचा. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो आणि ऐन वेळी जाम होतो. म्हणून उन्हाळ्यातच एकदा फिरवून बघा. हलत नसेल तर प्लंबरकडून बदलून घ्या, जोर करू नका. कॉक बंद केला की घरातला सगळ्यात वरचा नळ उघडायचा आणि सगळ्यात खालचा, म्हणजे तळघरात कपडे धुण्याच्या टाकीचा नळ उघडायचा. वरून हवा शिरते, खालून पाणी निघून जातं. मग मधले सगळे नळ, गरम-गार दोन्ही बाजूंचे. शौचालयाच्या टाक्या एकेकदा सोडून रिकाम्या करायच्या. कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळ्यांचे कॉक वेगळे असतात, तेही बंद करायचे. हिवाळ्यात हवा फार कोरडी होते म्हणून इथे भट्टीला दमटपणा देणारं एक यंत्र जोडलेलं असतं, त्यालाही एक करंगळीएवढी पाण्याची नळी जाते. तिचा लोकांना हटकून विसर पडतो. फ्रिज आपोआप बर्फ करणारा असेल तर त्याचंही तसंच. अंगणातल्या नळाची रबरी नळी तर दसऱ्यालाच काढून ठेवायला हवी, कारण ती जोडलेली राहिली तर भिंतीच्या आतल्या पाइपात पाणी अडकून राहतं.

पाणी तापवायची टाकीही तळघरात असते. आमच्याकडे तिला 'बंब' म्हणतात, कारण माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तिला बघून म्हणाल्या, "अग बाई, केवढा हा बंब!" तर गॅसचा बंब असेल तर त्याच्यावरची खूण सुट्टीच्या जागी आणायची, विजेचा असेल तर त्याचं बटण बंद करायचं. विजेचा बंब आत पाणी नसताना चालू राहिला तर कॉइल जळते.

काही घरांत भट्टीऐवजी बॉयलर असतो आणि त्याचं गरम पाणी खोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांतून फिरतं. ते पाणी नळाच्या पाण्याबरोबर काढून टाकायचं नसतं. त्याचा मार्ग निराळा, आणि त्या घरवाल्यांनी आपल्या मेकॅनिकचंच ऐकावं.

एवढं सगळं करून भट्टी चालू असली, की सिंकखालच्या वाकड्या नळीत राहिलेल्या पेलाभर पाण्याची काळजी करायचं कारण नाही. उलट ते राहायलाच हवं, नाहीतर गटाराचा वास घरात येतो. तळघरातल्या फरशीच्या जाळीत निघताना तांब्याभर पाणी ओतावं ते याचसाठी. मात्र कुणाला भट्टीही बंद करूनच घर सोडायचं असेल, तर त्या वाकड्या नळ्यांत न गोठणारं गुलाबी द्रव ओततात. ते नळांसाठीचंच आणा. मोटारीत घालतात ते जहाल विष असतं, ते मुळीच वापरू नका. भट्टी बंद करण्याच्या भानगडीत मी कधी पडले नाही, पडणारही नाही.

हल्ली फोनवरून घराचं तापमान बघता येतं, पाणी सांडलं की शिट्टी वाजवणाऱ्या डब्या मिळतात. आमच्या ह्यांना त्यांचं फार कौतुक. मिरजेत झोपाळ्यावर बसून विनिपेगच्या दिवाणखान्याचा आकडा सगळ्यांना दाखवतात. पण वीज गेली की इंटरनेट जातं आणि तो आकडाही जातो, म्हणजे नेमकं हवं तेव्हा कळत नाही. त्यापेक्षा इथल्या जुन्या लोकांची एक युक्ती मला आवडते. पारा ठरावीक आकड्याखाली गेला की दिवा लावणारं एक साधं बटण मिळतं. त्याला लाल दिवा जोडून खिडकीत ठेवायचा. दिवा लागला की शेजाऱ्याने समजावं, घर गार पडतंय. वीज गेली तर तोही लागत नाही म्हणा, पण वीज गेल्याचं तर शेजाऱ्याला स्वतःच्या घरातच कळतं!

शेजाऱ्यांवरून आठवलं. २०१४ च्या हिवाळ्यात विनिपेगची जमीन दोन मीटरहून खोल गोठली. रस्त्याखालून घरात येणारे पाइपच गोठले. दोन हजारांहून अधिक घरांचं पाणी बंद पडलं, काहींचं कित्येक आठवडे. गंमत म्हणजे वर बर्फ वितळायला लागला तरी खाली पाइप गोठतच होते, कारण थंडी जमिनीत सावकाश उतरते. काही ठिकाणी शेजारच्या घरातून नळी टाकून पाणी दिलं गेलं. ज्यांच्या पाइपांना धोका होता अशा हजारो घरांना नगरपालिकेने सांगितलं की एक नळ पेन्सिलीएवढ्या धारेने रात्रंदिवस चालू ठेवा. आता अशा घरवाल्याने माझं ऐकून मुख्य कॉक बंद केला, तर रस्त्याखालचा पाइप गोठेल! तेव्हा ज्यांना नगरपालिकेची अशी सूचना आली असेल, त्यांनी निघण्यापूर्वी तिथे फोन करून विचारलंच पाहिजे.

किल्ली कुणाकडे द्यायची, यावर मी पदर खोचून भांडायला तयार आहे. लोक पैसे देऊन घर बघणारी माणसं नेमतात, त्यांना माझी ना नाही. पण आमची किल्ली असते शेजारच्या आजींकडे. त्यांना सगळी गल्ली 'बाबा' म्हणते. युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी! विनिपेगमध्ये युक्रेनी लोक पुष्कळ. आमच्या लेकाने लहानपणी "ह्या बाई असून बाबा कशा?" म्हणून आम्हाला भंडावून सोडलं होतं. तर बाबांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, पण रोज सकाळी बूट चढवून येतात, तळघरापर्यंत जातात, भिंतीला हात लावून बघतात आणि वहीत तारखेपुढे तापमान लिहितात. विम्याच्या कामाला ती वहीच उपयोगी. त्यांच्या दारापुढचा बर्फ थंडीभर आम्ही काढतो. त्यावर त्यांना आमचे तिळाचे लाडू आवडतात, त्याचा हिशेब वेगळा.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने का सांगते आहे, ते ऐका. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रात्री साडेनऊला मिरजेहून नणंदेचा फोन आला. मामंजींना हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घ्या म्हटलं होतं. आमचे हे एकुलते एक. पहाटे सहाचं टोरांटोचं विमान मिळालं, तिथून मुंबई. बाहेर उणे ३१. हे तिकिटांच्या आणि ऑफिसच्या फोनांत गुंतलेले, मुलगा झोपलेला. मी तळघरात उतरले. मुख्य कॉकच्या वर भिंतीला माझ्याच अक्षरात लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. कॉक, वरचा नळ, खालचा नळ, टाक्या, यंत्राचे कॉक, दमटपणाची नळी, बंब, कपाटांची दारं, १५. डोकं चालत नव्हतं, डोळे भरून येत होते, पण कागद वाचत वाचत हात चालत राहिले. पस्तीस मिनिटांत घर आटोपलं. बाबा रात्रीच्या झग्यावर कोट घालून आल्या, किल्ली घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि काही न बोलता गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा मामंजी शुद्धीवर होते. नातवाला जवळ बसवून घेतलं, आणि मला विचारलं, "घर नीट बंद केलंत ना ग? तिकडे बर्फ असेल." मी हो म्हटलं. आम्हाला नऊ दिवस मिळाले.

त्याच नऊ दिवसांतल्या एका संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. हिमवादळ झालं होतं, त्या सकाळी आत गेल्या तर घर ६ अंशांवर आलेलं. त्या बाहेरून वळसा घालून गेल्या, केरसुणीच्या दांड्याने त्या दोन पाइपांतला बर्फ उकरला, भट्टीचं बटण एकदा बंद करून लावलं, आणि ती सुरू झाल्यावर मगच मला फोन केला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते. पाइपांत पाणीच नव्हतं, तेव्हा फुटायला काही नव्हतं. ह्यांना ती गोष्ट मी तेराव्यानंतर सांगितली.

म्हणून घर बंद करण्याची तयारी डिसेंबरच्या ठरलेल्या सहलीसाठी नव्हे, तर ज्या फोनची कुणाला इच्छा नसते त्या फोनसाठी करून ठेवायला मी सांगते. तुमची लेक बर्फाच्या मुलखात असेल तर तिला विचारा, मुख्य कॉक कुठे आहे? जावईबापू घरी नसतील तर तिला तो फिरवता येतो का? किल्ली कुणाकडे आहे? आणि हे फक्त विनिपेग-टोरांटोवाल्यांनाच नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, जिथे उन्हाळा आपल्या सोलापूरला लाजवेल, अशी थंडी पडली की लाखो घरांची वीज दिवसेंदिवस गेली आणि असंख्य घरांत पाइप फुटले. तिकडे कित्येक घरांत पाइप माळ्यावरून नेलेले असतात, कारण थंडीचा विचारच केलेला नसतो. डॅलस नि ह्यूस्टनला आपली मराठी घरं किती आहेत! त्यांनाही हा कागद भिंतीला लावायला हरकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निदान इमारतीच्या रखवालदाराला कळवून, कुणी आत यायचं ते ठरवून निघावं, कारण तुमचं पाणी खालच्यांच्या डोक्यावर पडायचं.

परत आल्यावरचं थोडंसं राहिलं. चोवीस तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला आधी चहा हवा असतो आणि तो तळघराकडे धावतो. धावू नये. आधी घरभर फिरून भिंती, छत, सिंकखालच्या जागा बघाव्यात. भट्टीचा आकडा वाढवावा. मग सगळे नळ थोडे थोडे उघडे ठेवून मुख्य कॉक पाव फेरा फिरवावा. नळ खोकतात, फुरफुरतात, हवा निघून जाते. धार सरळ झाली की एकेक नळ बंद करत यावं. एकाने तळघरात उभं राहून कान देऊन ऐकावं, कुठे सूं सूं होतंय का. सगळं ठीक असेल तर कॉक पुरता उघडावा, आणि बंबातून गरम बाजूच्या नळाला सरळ धार आली की मगच बंब चालू करावा. पहिलं बादलीभर पाणी गढूळ येतं, ते सोडून द्यावं. त्यानंतर चहाचं आधण ठेवायचं, आणि एक कप बाबांसाठी जास्त.